यंत्र आणलं, बसायचं कुठं?

माझ्या कमरेत जी कळ आहे ती वयाची नाही, हे मी डॉक्टरांना सांगून सांगून थकलो. ती एका यंत्राची आहे. सत्तरच्या दशकात ते यंत्र मी हैद्राबादेत उचललं, रेल्वेत चढवलं, एसटीच्या टपावर चढवलं, बैलगाडीत घातलं, घरात ठेवलं, मग जमिनीखाली उतरवलं आणि तिथून पुन्हा वर काढलं. जितक्या वेळा मी त्याच्यापुढं वाकलो तितक्या वेळा देवापुढं वाकलो असतो, तर आज माझंच देऊळ असतं.

तेव्हा आमचा कारखाना होता. कारखाना हा शब्द माझा. गाव त्याला आबांची खोली म्हणायचं. केदारखेड्याकडून भोकरदनला जाताना आमचं गाव लागायचं, आणि गाव संपल्यासारखं वाटलं की आमची गल्ली सुरू व्हायची. मातीच्या माळवदाची एक लांबट खोली, तीत आम्ही तिघं. आबा, म्हणजे माझे वडील, तळ कापायचे आणि दाबाची शिलाई घालायचे. मी पट्टे जोडायचो, खिळे ठोकायचो आणि बोलायचो. आणि माझी बायको कड तासायची.

आबांच्या हातच्या पायताणाबद्दल काय सांगू? धावड्याच्या बाजारात त्यांची जोडी जमिनीवर ठेवली की शेजारच्या मडकेवाल्याची मडकी हादरायची. एका गिऱ्हाइकाला त्या पायताणावर विंचू चावला, तर विंचूच लंगडत घरी गेला. पण बहात्तरचा दुष्काळ सरला आणि लोकांचे पाय नाजूक झाले. पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत बाया विचारायला लागल्या, "बारीक पट्ट्याची न्हाई का वो? दुमडीच्या काठाची?" शहरात तशी चप्पल निघाली होती. पट्ट्याची कड आत दुमडलेली, गुळगुळीत, पायाला न घासणारी. म्हणून आम्हीही तशी करायला घेतली, आणि ती विकलीही जायला लागली.

आता दुमडीचं असं आहे. कातडं दुमडलं की दुप्पट जाड होतं. तसंच शिवलं तर पायाला करवतीसारखं लागतं. म्हणून दुमडायच्या आधी त्याची कड आतल्या बाजूनं तासून पातळ करायची. किती पातळ? माझी बायको तासायची ती कड डोळ्यापुढं धरली की पलीकडचा माणूस ओळखू यायचा, आणि तो उधारीवाला असला तर मी कड लगेच खाली ठेवायचो. हे सगळं रापीनं. दगडाची गुळगुळीत फरशी मांडीजवळ, तीवर कातडं, डाव्या हातानं दाबून धरायचं आणि उजव्या हातानं रापी पुढं लोटायची. दिवसभर लोटायची. रापी म्हणजे आमच्यातली कातडं कापायची रुंद सुरी. तिला मागून दाबायला अंगठा लागतो, आणि तो अंगठा माणसाचाच असतो.

त्या अंगठ्यानं घात केला. आधी मुळाशी सुजला, मग मनगट धरलं. भाकरी थापताना ती तोंडानं काही बोलायची नाही, पण भाकरीला एका बाजूनं खळगा पडायला लागला. शेवटी भोकरदनला डॉक्टरकडं नेलं. त्यानं हात वळवून पाहिला आणि म्हणाला, "हे काम थांबवा. न्हाईतर मूठ मिटायची बंद होईल. मंग रापीच काय, पाण्याचा तांब्यासुद्धा धरता येणार न्हाई."

तिचा भाऊ सोबत आला होता. तिच्याहून धाकटा, पण आवाजानं सगळ्यांहून मोठा. दवाखान्याच्या दारातच त्यानं मला गाठलं.

"दाजी, माझी आक्का तुमच्या घरी दोन हात घेऊन आल्ती. एक हात घेऊन परत यायची न्हाई, सांगून ठेवतो."

"अरे, मी काय तिचा हात खाऊन राह्यलो का?"

"मशीन घ्या. शहरात कड तासायची मशीन असती. मी पाह्यली."

"कुठं पाह्यली?"

"पाह्यली म्हंजे ऐकली."

त्याची ही बातमी मात्र खरी निघाली. आमच्या कातड्याच्या व्यापाऱ्यानं सांगितलं की अशी यंत्रं हैद्राबादेत मिळतील. मी आबांना विचारलं. आबा तोंडात धागा धरून शिलाई घालत होते. त्यांनी धागा काढला, म्हणाले, "आणा," आणि धागा परत तोंडात घातला. एवढीच आमची सभा. बायकोनं आतून एक फडकं आणून दिलं. त्यात तिनं तासलेला एक पट्टा होता.

"याच्यासारखी कड निघाली तरच घ्या," ती म्हणाली. "न्हाईतर माझा हात काय, जाईल तिकडं जाईल."

मेव्हणा आणि मी जालन्याहून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो. ती गाडी इतकी सावकाश चालायची की परभणीला मेव्हणा दाढी करायला उतरला, सावकाश करून आला, आणि पुढच्या डब्यात चढायच्या ऐवजी चुकून मागच्यात चढला, म्हणजे गाडी तेवढी सरकली होती. नांदेडच्या पुढं मला डुलकी लागली. जागा झालो तर तेच झाड. माझी खात्री आहे, झाडच आमच्या सोबत निघालं होतं. हैद्राबादला उतरलो तेव्हा अंगातली हाडं एकमेकांची ओळख विसरली होती.

तिथला यंत्रांचा व्यापारी म्हातारा होता. मेंदीनं रंगवलेली दाढी, खोकला असा की दुकानातल्या यंत्रांची चाकं त्यानंच फिरावीत. आमच्या बाजूचे लोक पाहून त्याला बरं वाटलं. निजामाच्या दिवसांत त्याचा बाप जालन्याला माल पाठवायचा म्हणे.

"कौनसी मशीन होना?" त्यानं विचारलं.

मेव्हणा छाती काढून म्हणाला, "सबसे अच्छी होना."

त्यानं आम्हाला तीन यंत्रं दाखवली. कामाचा गाभा तिन्हींत एकच. घंटेसारखं एक गोल पातं असतं, ते गरागरा फिरतं. खालून एक दगडी चाक कातड्याला पुढं ढकलतं, वरून एक लोखंडी बोट त्याला दाबून धरतं, आणि एका स्क्रूनं ठरवायचं की कड किती पातळ करायची. फरक एवढाच, की पातं फिरवायचं कोणी.

पहिलं यंत्र हातानं फिरवायचं. लहानसं, पाटावर ठेवता येईल असं. मी दांडा फिरवून पाहिला. एक हात दांड्याला गुंतला, उरला एक, आणि कातडं तर वळणावळणानं सरकवायचं. जिचा एक हात सुजलाय तिला हे यंत्र देणं म्हणजे लंगड्याला दोरीवरून चालवणं. ते बाद.

दुसरं बिजलीचं. मेव्हणा त्याच्या प्रेमात पडला. बटण दाबलं की असं गुरगुरायचं की वाघ आत बसलाय असं वाटावं. मेव्हण्यानं कातड्याचा तुकडा घातला, एका क्षणात सरर्‌कन् बाहेर.

"दाजी, हेच घ्या. बिलकुल हेच."

"आपल्या खोलीत बिजली हाय का?"

"येईल की."

"गावात आलेली बिजली आपल्या गल्लीपर्यंत पोचली न्हाई. आणि गावातलीसुद्धा कधी येती? ती आली की लोक पाहुणा आल्यासारखे चहा ठेवतात, आणि चहा उकळायच्या आत ती निघून जाते."

व्यापारी हसला, खोकला, आणि आम्हाला तिसऱ्या यंत्राकडं घेऊन गेला. हे जुनं होतं. कोण्या कारागिरानं त्याला शिलाई मशीनच्या लोखंडी सांगाड्यावर बसवलं होतं. खाली पायानं मारायचा पाटा, बाजूला मोठं चाक, चामडी पट्टा, आणि पुढं एक स्टूल. दोन्ही हात मोकळे. मी स्टुलावर बसलो, पाय मारला, पातं फिरायला लागलं. बायकोचं फडकं सोडलं, तिचा पट्टा समोर ठेवला आणि आमच्याच कातड्याचा कोरा तुकडा आत सरकवला. स्क्रू थोडा कसला, पुन्हा सरकवला. दोन्ही कडा शेजारी धरल्या. बोटानं फरक लागेना.

व्यापाऱ्यानं मात्र बायकोचा पट्टा हातात घेतला तो सोडेचना. उजेडाकडं धरला, उलटा केला.

"ये किसने छीला?"

"मेरी घरवाली ने," मी म्हणालो.

"फिर मशीन कायकू लेते मियाँ? ये मशीन तो घर में बैठी है."

"उस मशीन का हात सूज गया," मेव्हणा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

व्यापाऱ्यानं पट्टा हळूच फडक्यावर ठेवला. मग म्हणाला, "चलाएगी वोईच ना? तो उसकू साथ कायकू नै लाए? बैठ के देख लेती."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सोबत आणायची? यंत्र निवडायला? हा विचार हैद्राबादेपर्यंतच्या एवढ्या लांब रुळांवर आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मी म्हणालो, "आम्ही बसलो म्हंजे ती बसली." व्यापाऱ्यानं मान हलवली, ती हो म्हणायला की खोकल्यानं, ते कळलं नाही.

परतीचं मी सांगत नाही. सांगायलाही कमरेत वाकावं लागतं. एवढंच, की एसटीच्या टपावर ते यंत्र चढवल्यावर गाडीचा पुढचा भाग उचलला गेला आणि ड्रायव्हरला काही वेळ नुसतं आभाळ दिसत होतं.

गावात आलो तर सगळी गल्ली जमली. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. यंत्र खोलीच्या मधोमध ठेवलं, कारण दारातला उजेड तिथंच पडायचा. समोरच्या भिंतीला टेकून आबांचं पोतं, पोत्यावर आबा. त्यांच्याजवळ माझं पोतं. आणि ती रोज बसायची ती जागा फरशीजवळ, आबांपासून दूर, कोपऱ्यात.

"बस," मी तिला म्हणालो आणि स्टूल पुढं केलं.

ती स्टुलाकडं पाहत राहिली. मग आबांकडं नाही, पण आबांच्या बाजूच्या भिंतीकडं पाहिलं. पदर डोक्यावरून पुढं ओढला. आणि उभीच राहिली.

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, आणि पेटली ती बिजलीशिवाय. आमच्यात सून सासऱ्यापुढं उंच जागी बसत नाही. खाटेवर नाही, पायरीवर नाही, बैलगाडीतसुद्धा सासरा पुढं असेल तर ती मागं खाली तोंड करून. आबा जमिनीवर पोत्यावर. आणि आम्ही दोन शहाणे, पाताळापर्यंत जाऊन, पातं पाहून, स्क्रू पाहून, पाटा पाहून, सासऱ्यासमोर मांडायला काय घेऊन आलो, तर स्टूल.

त्या दिवशी तिनं उभ्यानं काम केलं. एक पाय जमिनीवर, एक पाट्यावर, पाठ वाकवून. बगळा पाण्यात उभा राहतो तसं. थोड्या वेळानं पाय बदलायची. संध्याकाळी तिचा हात जरा बरा होता, पण ती भिंत धरून चालत होती.

मेव्हण्याला राहवेना. दुसऱ्या दिवशी तो आबांपुढं येऊन बसला.

"मामा, आक्काला बसू द्या की स्टुलावर."

आबांनी कातडं टोचायची आरी थांबवली नाही. "म्या कुठं धरून ठेवली तिला? बसू दे."

"ऐकलं का गं? बस मंग."

"बसते की," ती म्हणाली. "मामा बाजाराला गेले की बसते."

मामा बाजाराला जायचे ते धावड्याच्या, तेही मालाची पेटी भरली तर. आणि माल भरायचा तर कड तासायला हवी. मेव्हणा माझ्याकडं पाहून दात खात राहिला. मी त्याला चहा पाजून घरी पाठवला. साळा रागावला तर बरा, पण घरात रागावलेला बरा नाही.

मग मीच आबांकडं गेलो. ती पाण्याला गेली होती. म्हणालो, "आबा, जमाना बदलून राह्यला. तिचा हात जाऊन राह्यला. एक स्टूल ते काय."

आबांनी मेण लावलेला धागा ओढून घेतला. मग म्हणाले, "पोरा, जल्माभर लोकांच्या पायाचं माप म्या खाली बसून घेतलं. पाटलाच्या वट्याखाली बसून. त्याच्या नातवाचं घेतलं, ते अजून रांगत होतं, तरी खाली मीच. जगात माझ्या खाली बसणारं कोणी न्हाई. एवढ्या खोलीत माझ्या वर बसणारं बी कोणी न्हाई. तेवढं राहू दे की."

मी उठून दारात आलो. एका बाजूला बायकोची मूठ, दुसऱ्या बाजूला बापाचं एवढंसं राज्य. त्यांना ढकलू शकत नव्हतो, तिला बसवू शकत नव्हतो. आणि मी इतका थकलो होतो की दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी चाललं असतं, फक्त मला यंत्र हलवायला लावू नका.

पण डोकं गप्प बसेना. पैठणकडं मी विणकरांचे माग पाहिले होते. माग जमिनीवर, विणकर खड्ड्याच्या काठावर, पाय खाली खड्ड्यात. म्हटलं, यंत्र वर राहून भागत नसेल तर ते खालीच घालू. ती जमिनीवर बसेल, पाय खड्ड्यातल्या पाट्यावर. आबांचं राज्य शाबूत, तिचा हात शाबूत.

खणायला लागलो. आमच्या खोलीखाली मुरूम, मुरमाखाली काळा दगड, आणि दगडाखाली आणखी दगड. मी इतका खोल गेलो की शेवटी शेवटी हैद्राबादच्या त्या व्यापाऱ्याचा खोकला खालून ऐकू यायला लागला. मेव्हणा मदतीला आला, म्हणजे काठावर बसून माती किती निघाली ते सांगायला. यंत्र दोरांनी खाली सोडलं, तेव्हा माझ्या कमरेतून जो आवाज आला तो मी अजून विसरलो नाही.

गल्लीतली एक म्हातारी रोज दारातून डोकवायची. त्या दिवशी तिनं खड्डा पाहिला, त्याच्या काठावर बसलेली माझी बायको पाहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि गालावर बोट ठेवलं.

"काय गं बाई, सून पुरून राह्यले का हे?"

"न्हाई मावशी," बायको आतून म्हणाली. "पेरून राह्यले. पुढच्या साली चार उगवतील."

खड्डा चालला. खोटं का बोलू? पातं फिरायला लागलं, कडा निघायला लागल्या, पट्ट्यांचा ढीग वाढला. आबा आपल्या पोत्यावर, ती आपल्या काठावर, कोणी कोणाच्या वर नाही. मी मनात म्हटलं, झालं. आता मी झोपतो.

पण खड्ड्यात बसलेल्या माणसाला उठायचंही असतं. चूल असते, पाणी असतं, दार वाजतं. लुगडं सावरून त्या अरुंद जागेतून पाय वर काढायचे तर जमिनीवर हात टेकून अंगाचा भार उचलायचा. डाव्या बाजूला यंत्राचं चाक, म्हणजे हात टेकायला जागा उजवीकडंच. तोच हात. दिवसातून जेवढ्या वेळा ती उठायची तेवढ्या वेळा तो पंजा जमिनीवर, आणि त्यावर सगळं अंग. रापीनं जे हळूहळू केलं असतं ते खड्डा जल्दी करायला लागला. ती सांगायची नाही. मला भाकरीवरून कळलं. खळगा परत आला होता.

एके दुपारी मी खांद्यावर कातडी घेऊन आलो आणि दारातच थांबलो. आत ती दोघंच. ती उठायला गेली, उजवा हात टेकला, तोंडातून बारीक आवाज निघाला आणि ती परत खाली बसली. थोडं थांबली. पुन्हा टेकला. पुन्हा बसली. तिसऱ्यांदा तिनं हात टेकलाच नाही. नुसती बसून राहिली, पदर पुढं ओढून, खड्ड्याकडं बघत.

आबांनी आरी खाली ठेवली. सासऱ्यानं सुनेचा हात धरायचा नसतो, तेही त्यांना माहीत, तिलाही माहीत. त्यांनी मांडीवरचा बैलाच्या गळ्याचा लांब पट्टा उचलला, त्याचं एक टोक स्वतःच्या मुठीला गुंडाळलं, दुसरं टोक तिच्याकडं फेकलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. तिनं डाव्या हातानं पट्टा धरला. आबांनी ओढला. आबांचं वजन ते केवढं? ओल्या रुमालाएवढं. ती वर आली, पण आबा पोत्यासकट पुढं घसरले, आणि आणखी वीतभर घसरले असते तर खड्ड्यात सासरा उगवला असता.

मी आत धावलो. आबा पोतं झटकत होते.

"काय बघून राह्यला?" ते माझ्यावरच ओरडले. "कातडं पाण्यात टाक."

तेवढंच. संध्याकाळी जेवताना आबांनी भाकरी हातात घेतली, तिचा खळगा बोटानं चाचपला आणि मुकाट्यानं खाल्ली.

सकाळी मी खोलीत आलो तर आबा आपल्या जागेवर नव्हते. पोतंही नव्हतं. खोलीच्या टोकाला मातीचा एक कट्टा होता, कमरेएवढा उंच. कमावलेली कातडी ओल लागू नये म्हणून आम्ही त्यावर रचायचो. ती सगळी कातडी खाली ओढून टाकलेली, आणि कट्ट्यावर पोतं घालून आबा बसलेले. आरी, धागा, मेण, फर्मे, सगळं वर. माळवदाच्या झरोक्यातून उजेड नेमका त्यांच्या टकलावर पडला होता. मळ्यात माचाणावर बसून पाखरं राखणारा माणूस दिसतो, तसे दिसत होते.

"आबा, तिथं कशापायी?"

"हितं उजेड बराय." आरी चालूच. "डोळ्याला दिसंना मला खाली. त्यो खड्डा बुजवून टाक. पाऊसकाळात त्यात पाणी भरंल."

"आणि मशीन?"

"मशीन काय खड्ड्यात ठेवायची चीज हाय का? कोण्या येड्यानं घातली?"

त्या येड्यानं ती परत वर काढली. मेव्हण्याला बोलावलं, तो या वेळी खरंच दोराला लागला. मुरूम परत खड्ड्यात गेला. सगळा गेला नाही, उरलेल्याचा ढीग दारात बरीच वर्षं होता. म्हातारीनं डोकावून विचारलं, "पीक काढलं का?"

त्यापुढं आबांना सकाळी कट्ट्यावर चढवायचं, दुपारी जेवायला उतरवायचं, परत चढवायचं आणि दिवेलागणीला उतरवायचं, हे काम माझ्याकडं आलं. यंत्र एकदाच उचललं की झालं असं मला वाटायचं. आबा रोज उचलावे लागले. उतरताना ते दरवेळी म्हणायचे, "सावकाश. फेकून राह्यला का?"

बायकोच्या अंगठ्याची सूज सावकाश उतरली. मूठ मिटायला लागली, पण पहिल्यासारखी घट्ट कधीच नाही. ओली लुगडी पिळायचं काम तिनं तेव्हा मला दिलं. हात बरा झाल्यावर ते परत घ्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही, असं ती सांगते. आमच्या दुमडीच्या चपला पिंपळगावच्या जत्रेत इतक्या गेल्या की देवळाबाहेर कोणती जोडी कोणाची ते लोकांना कळेना.

पण मला सांगायची ती खड्डा बुजवल्याची सकाळ. यंत्र उजेडात ठेवलं. स्टूल पुढं ठेवलं. ती आली, आबांच्या कट्ट्याकडं पाठ केली, पदर सारखा केला, आणि बसली. आबा वरून खाली बघत नव्हते, शिलाईच्या टाक्याकडंच बघत होते, पण आरी थांबली होती. तिनं पाय मारला. पातं फिरलं. एक पट्टा गेला, कड निघाली. दुसरा गेला. मग तिनं पाय थांबवला आणि मागं न वळता म्हणाली,

"मामा, स्टूल जरा ठेंगणं हाय. गुडघे वर येतात."

मेव्हणा दारात दोर गुंडाळत होता, त्याचे हात तसेच थांबले. आबांनी मान वर करून माळवदाची तुळई पाहिली. त्यांच्या डोक्यात आणि तुळईत वीतभरही जागा उरली नव्हती.

"ईटभर घे," ते म्हणाले. "त्याच्या वर मातर जाऊ नको बाई. मंग मला धाब्यावर बसून शिवावं लागंल."

आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "उभा काय राह्यला? ईट आण."

मी कमरेवर हात ठेवून वीट आणायला गेलो.